मदत केली, पण उपयोग झाला का?

एखाद्या गावात दरोडा पडला, रस्त्यात कुणाला मारहाण झाली किंवा घरातल्या छळाची बातमी बाहेर फुटली, की आपले लक्ष प्रथम गुन्हेगाराकडे जाते. तो सापडला का, खटला उभा राहिला का, शिक्षा किती झाली, हे आपण विचारतो. ज्याच्यावर गुन्हा घडला त्याचे पुढे काय झाले, हे विचारायला मात्र बराच उशीर होतो. कायद्याच्या इतिहासातही हा प्रश्न उशिराच आला. गुन्ह्याची झळ पोचलेल्याला सरकारने भरपाई द्यावी असा कायदा न्यूझीलंडने १९६३ साली केला. पुढच्याच वर्षी ब्रिटनमध्ये तशी योजना सुरू झाली. १९७४ मध्ये इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात काही स्वयंसेवकांनी पीडितांच्या घरी जाऊन धीर देण्याचे, माहिती देण्याचे काम सुरू केले आणि त्यातून देशभर पसरलेली मदतसेवा उभी राहिली. संयुक्त राष्ट्रसंघाने पीडितांना न्याय व साहाय्य मिळावे असा जाहीरनामा १९८५ मध्ये संमत केला. आपल्याकडे फौजदारी प्रक्रिया संहितेत पीडितांच्या भरपाईचे कलम २००८ च्या दुरुस्तीने आले. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तीच तरतूद कलम ३९६ मध्ये आहे. महाराष्ट्रात बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार व ॲसिड हल्ला यांतील पीडितांसाठी 'मनोधैर्य' योजना २०१३ साली सुरू झाली.

सेवा सुरू झाल्या ही चांगलीच गोष्ट झाली. पण सेवा सुरू झाली म्हणजे तिचा उपयोग झाला, असे म्हणता येईल का? समुपदेशनाने मन सावरते का? घरी जाऊन धीर दिल्याने पुन्हा मारहाण होण्याचे थांबते का? 'मदत केली की बरे वाटणारच, यात तपासायचे काय?' असे आपल्याला सहज वाटते. या लेखात आम्हाला दाखवायचे आहे ते हे, की इथे तपासायचे पुष्कळ आहे, आणि न तपासता दिलेली मदत कधी कधी निरुपयोगी, तर क्वचित अपायकारकही ठरली आहे.

काळ हेही औषधच

सर्वांत आधी एक अडचण समजून घेऊ. अमेरिकेत बार्बरा रॉथबॉम, एड्ना फोआ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बलात्काराला बळी पडलेल्या स्त्रियांची तीन महिने आठवड्याच्या आठवड्याला पाहणी केली. तिचे निष्कर्ष १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. तोच प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येणे, झोप न लागणे, दचकणे, त्या जागेची वा माणसांची आठवणही टाळणे, अशा लक्षणांचा एकत्रित समूह म्हणजे आघातोत्तर तणाव विकार. ही लक्षणे निदान महिनाभर टिकावीत अशी निदानाची एक अट असते. ती अट बाजूला ठेवून पाहिले, तर घटनेनंतर सुमारे बारा दिवसांनी ९४ टक्के स्त्रियांमध्ये हा लक्षणसमूह आढळला. सुमारे ३५ दिवसांनी हे प्रमाण ६५ टक्के झाले आणि सुमारे ९४ दिवसांनी ४७ टक्क्यांवर आले.

या आकड्यांतून दोन गोष्टी निघतात. पहिली म्हणजे, तीन महिन्यांनंतरही जवळजवळ निम्म्या स्त्रिया सावरलेल्या नव्हत्या. म्हणजे मदतीची गरज खरी आहे. दुसरी गोष्ट मात्र मूल्यमापन करणाऱ्याला चकवणारी आहे. समजा, बाराव्या दिवशी या सर्वांना आपण एखादा ताईत दिला असता आणि तीन महिन्यांनी मोजणी केली असती, तर ९४ वरून ४७ टक्के! 'ताइताने निम्म्या स्त्रिया बऱ्या झाल्या' असा अहवाल आपण प्रामाणिकपणे लिहिला असता. प्रत्यक्षात ते काम काळाने, घरच्यांच्या आधाराने आणि मनाच्या स्वतःच्या सावरण्याच्या शक्तीने केलेले असते.

म्हणजे 'मदतीपूर्वी' आणि 'मदतीनंतर' अशी नुसती तुलना पुरत नाही. यात आणखी एक चकवा असतो. माणूस मदत मागायला येतो तो सहसा त्याची अवस्था सर्वांत वाईट असते तेव्हा. अगदी वाईट दिवसानंतर येणारा दिवस बहुधा त्याहून बरा असतो, तो मदत मिळाली तरी आणि न मिळाली तरी. शास्त्रज्ञ याला 'सरासरीकडे परतणे' म्हणतात. शिक्षकांना हे ओळखीचे असेल. घटक चाचणीत सर्वांत कमी गुण मिळवणाऱ्या मुलांचे जादा तास घेतले आणि पुढच्या चाचणीत त्यांचे गुण वाढले, तर त्यातले किती श्रेय जादा तासांचे आणि किती त्या दिवशीच्या नशिबाचे?

वर्गात करून पाहा

हा चकवा फाशांवर छान दाखवता येतो. वर्गातील ३६ मुलांना प्रत्येकी दोन फासे टाकायला सांगा आणि बेरीज फळ्यावर लिहा. ज्यांची बेरीज ५ किंवा त्याहून कमी आली ती मुले 'आजारी' समजा. साधारण दहा मुले अशी निघतील आणि त्यांची सरासरी ४ च्या आसपास असेल. आता या दहा जणांसाठी छापा-काटा करून दोन गट पाडा. एका गटातील मुलांच्या फाशांवर गंभीर चेहऱ्याने 'मंत्र' म्हणा. दुसऱ्या गटाला काहीच करू नका. मग सर्वांना पुन्हा फासे टाकायला सांगा.

मंत्र मिळालेल्यांची सरासरी ७ च्या आसपास जाईल. पाचच मुले असल्याने ती थोडी इकडेतिकडे होईल, म्हणून खेळ चार-पाच वेळा करून सर्व आकडे एकत्र करावेत. मुले चकित होतील, पण लगेच दुसऱ्या गटाकडे बोट दाखवा. त्यांचीही सरासरी ७ कडेच गेलेली असेल. मंत्राचा गुण शून्य, हे आपल्याला केवळ दुसऱ्या गटामुळे कळले. या दुसऱ्या गटाला तुलनागट म्हणतात. आणि छापा-काटा कशासाठी? 'ज्याला मंत्र हवा त्याने हात वर करा' असे म्हटले असते, तर उत्साही मुले एका बाजूला गेली असती. पीडितांच्या बाबतीत हा फरक फार मोठा ठरतो. जी व्यक्ती स्वतः होऊन समुपदेशनाला येते तिला बहुधा घरचा पाठिंबा असतो, जाण्यायेण्याची सोय असते, बरे होण्याची उमेद असते. ती लवकर सावरली तर ते समुपदेशनामुळे की या इतर गोष्टींमुळे, हे सांगता येत नाही. चिठ्ठ्या टाकून गट पाडले, की माहीत असलेले आणि माहीत नसलेलेही असे सगळे फरक दोन्ही गटांत सारखे वाटले जाण्याची शक्यता वाढते.

मन मोकळे करण्याचा प्रयोग

आता प्रत्यक्ष उदाहरण पाहू. अमेरिकेत जेफ्री मिशेल यांनी १९८३ साली अग्निशामक दल, रुग्णवाहिका यांवरील कर्मचाऱ्यांसाठी एक पद्धत मांडली. भीषण प्रसंग हाताळून आलेल्या कर्मचाऱ्यांना थोड्याच दिवसांत एकत्र बसवायचे. काय घडले, काय वाटले, आता काय होते आहे, हे ठरावीक क्रमाने बोलते करायचे. या पद्धतीला 'डीब्रीफिंग' असे नाव मिळाले. कल्पना मनाला पटणारी होती. 'मनात साठवून ठेवू नये, बोलून मोकळे व्हावे' हे तर आपल्या घरातही सांगतात. हळूहळू ही पद्धत मूळ चौकट सोडून पसरली. गटाऐवजी एकेकट्या व्यक्तीला, आणि कर्मचाऱ्यांऐवजी अपघातग्रस्तांना व गुन्ह्याच्या बळींना, एकाच बैठकीत डीब्रीफिंग दिले जाऊ लागले. उपयोग होतो का, हे कुणी फारसे विचारले नाही. न होण्याचे कारणच दिसत नव्हते.

इंग्लंडमध्ये सुझाना रोज, ख्रिस ब्रुइन आणि सहकाऱ्यांनी हा प्रश्न विचारला. महिनाभराच्या आत हिंसक गुन्ह्याला बळी पडलेल्या १५७ व्यक्तींचे त्यांनी चिठ्ठ्या टाकून तीन गट केले. एका गटाला डीब्रीफिंग आणि माहिती दिली. दुसऱ्याला फक्त माहिती, म्हणजे अशा प्रसंगानंतर कोणत्या प्रतिक्रिया येतात आणि मदत कधी घ्यावी एवढेच. तिसऱ्या गटाची केवळ तपासणी केली. सहा आणि अकरा महिन्यांनी पुन्हा मोजणी झाली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की तिन्ही गटांतील लोक काळानुसार सुधारले, पण गटागटांत फरक आढळला नाही. डीब्रीफिंग घेतलेला गट तेवढाच पाहिला असता, तर ती सुधारणा डीब्रीफिंगच्या नावावर जमा झाली असती.

याच सुमारास गुन्ह्यांव्यतिरिक्त इतर आघातांवरही अशा चाचण्या झाल्या. गुन्हा आणि अपघात या वेगळ्या गोष्टी खऱ्या, परंतु मनाला बसणाऱ्या धक्क्याची लक्षणे पुष्कळशी सारखी असतात. वेल्समध्ये जोनाथन बिसन यांनी भाजून रुग्णालयात आलेल्या १३३ रुग्णांवर केलेल्या चाचणीचा निष्कर्ष १९९७ मध्ये आला. तेरा महिन्यांनी डीब्रीफिंग मिळालेल्या गटात २६ टक्के लोकांना आघातोत्तर तणाव विकार होता. न मिळालेल्या गटात ९ टक्क्यांना. या आकड्यांवर लगेच झडप घालू नये. चिठ्ठ्या टाकूनही योगायोगाने पहिल्या गटात अधिक भाजलेले आणि आधीपासूनच अधिक त्रस्त असलेले रुग्ण गेले होते. लहान चाचणीत असे घडू शकते आणि म्हणूनच एका चाचणीवर निर्णय देत नाहीत. पण ऑक्सफर्डमध्ये रस्ते अपघातातील जखमींचा तीन वर्षे मागोवा घेणाऱ्या, २००० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीतही बोट त्याच दिशेला वळले. सुरुवातीला ज्यांना आठवणींचा त्रास जास्त होता, त्यांपैकी डीब्रीफिंग न मिळालेले सावरले. मिळालेल्यांचा त्रास मात्र टिकून राहिला.

अशा सर्व चाचण्या एकत्र मांडून केलेल्या आढाव्यांचा निष्कर्ष, एका बैठकीचे वैयक्तिक डीब्रीफिंग हा विकार टाळत नाही, असा निघाला. ब्रिटनमध्ये उपचारांविषयी मार्गदर्शन करणाऱ्या 'नाइस' या संस्थेने २००५ मध्ये ते सरसकट देऊ नये असे सांगितले आणि २०१८ च्या सुधारित मार्गदर्शनातही तीच भूमिका ठेवली.

असे का होत असावे? एक तर्क असा, की ताज्या जखमेला एकदाच उघडून लगेच मिटवले, तर भीती चाळवते आणि तिची धार बोथट व्हायला लागणारा वेळ मिळत नाही. याउलट, काही आठवड्यांनंतरही ज्यांची लक्षणे टिकून आहेत त्यांना प्रशिक्षित व्यक्तीने अनेक बैठकांत, पायरीपायरीने आठवणीला सामोरे जायला शिकवले, तर त्याचा उपयोग होतो हे अनेक चाचण्यांत दिसले आहे. म्हणजे बोलणे वाईट नाही. ज्याला बोलायचे आहे त्याला अडवायचे नाही. पण ज्याची तयारी नाही त्याला बोलते करण्याचा आग्रहही धरायचा नाही.

'समाधान वाटले' म्हणजे काय?

इथे सूज्ञ वाचक विचारतील, की मदत घेणाऱ्यांनाच विचारले तर? नेदरलँड्समधील पोलिसांच्या एका अभ्यासात, जो २००० साली प्रसिद्ध झाला, डीब्रीफिंगबद्दल लोक समाधानी होते. लक्षणांत मात्र त्या समाधानाचे प्रतिबिंब पडले नव्हते. कुणीतरी आपुलकीने ऐकले याचे समाधान खरेच असते. त्याला किंमतही आहे. पण 'समाधान वाटले' आणि 'त्रास कमी झाला' या दोन वेगळ्या मोजपट्ट्या आहेत.

कोणती मोजपट्टी घ्यायची यावर निष्कर्ष कसा उलटू शकतो, याचे न्यूयॉर्कमधील उदाहरण पाहण्यासारखे आहे. तेथील सार्वजनिक गृहवसाहतींमध्ये कौटुंबिक हिंसेची तक्रार आली, की नंतर काही घरी पोलिस अधिकारी व समाजसेवक अशी जोडी भेटीला पाठवली जाई. कोणत्या घरी जायचे हे चिठ्ठीने ठरे. रॉबर्ट डेव्हिस आणि ब्रूस टेलर यांनी १९९७ मध्ये याचे निष्कर्ष मांडले. भेट दिलेल्या घरांतून पोलिसांना पुन्हा बोलावण्याचे प्रमाण अधिक होते. म्हणजे भेटीने हिंसा वाढली का? पीडितांच्या मुलाखती घेतल्या तेव्हा हिंसेत वाढ नव्हती, घटही नव्हती. वाढली होती ती तक्रार करण्याची हिंमत, पोलिसांवरचा भरवसा. २००८ मध्ये अशा दहा अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, त्यातूनही असेच चित्र निघाले. तक्रारींची संख्या हीच मोजपट्टी मानली असती तर सेवा घातक ठरली असती. तक्रारीची हिंमत हीच मोजपट्टी मानली तर ती यशस्वी. आणि पुन्हा मार बसला का हे मोजले तर निष्प्रभ. तिन्ही आकडे एकाच सेवेचे! त्यामुळे सेवा कशासाठी आहे हे आधी ठरवून, लिहून ठेवून मगच मोजायला हवे.

सरकारी अहवालांत बहुधा आणखी एक मोजपट्टी असते. किती अर्ज आले, किती मंजूर झाले, किती निधी खर्च झाला. हे आकडे आवश्यक आहेत. सेवा किती पोचली हे त्यांवरून कळते. पण पोचल्यामुळे काय बदलले, हे त्यांत नसते. शाळेत किती पुस्तके वाटली यावरून मुलांना वाचता येते का हे कळत नाही, तसेच हे आहे.

पीडितांना काय महत्त्वाचे वाटते हेही विचारावे लागते. जोआना शॅपलँड आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडमधील दोन शहरांत पीडितांचा खटला संपेपर्यंत मागोवा घेतला. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसले, की पोलिसांबद्दलचे समाधान सुरुवातीला चांगले होते आणि पुढे घसरत गेले. त्याचे एक मोठे कारण म्हणजे आपल्या तक्रारीचे पुढे काय झाले हे त्यांना कुणी कळवत नव्हते. फक्त पहिल्या आठवड्यात प्रश्नावली भरून घेतली असती, तर हे कधीच दिसले नसते.

उपयोगी ठरलेली मदत

तपासणीतून नुसते नकारच येतात असे नाही. अमेरिकेतील मिशिगन राज्यात क्रिस सुलिव्हन यांनी आश्रयगृहातून बाहेर पडणाऱ्या, जोडीदाराचा छळ सोसलेल्या २७८ स्त्रियांबरोबर काम केले. चिठ्ठी टाकून काहींना दहा आठवड्यांसाठी एक साहाय्यक दिली. या साहाय्यक म्हणजे प्रशिक्षण घेतलेल्या महाविद्यालयीन विद्यार्थिनी. त्यांचे काम मन मोकळे करवून घेण्याचे नव्हते. घर शोधणे, नोकरी, मुलांची सोय, कायद्याची मदत, यांपैकी त्या स्त्रीला जे हवे असेल त्यासाठी तिच्याबरोबर हिंडणे, दारे ठोठावणे, कागद पुरे करणे हे त्यांचे काम होते. दोन वर्षे मागोवा घेतला गेला. या काळात एकदाही मार न बसलेल्या स्त्रिया मदत मिळालेल्या गटात सुमारे चारात एक होत्या, न मिळालेल्या गटात सुमारे दहात एक. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा पुढचा भागही सांगायला हवा. तीन वर्षांनी पाहिले तेव्हा हिंसेबाबतचा हा फरक टिकला नव्हता. म्हणजे दहा आठवड्यांच्या मदतीने दोन वर्षे फरक पडला, तो कायमचा नव्हता. पुढची सेवा आखणाऱ्याला हे कळणे मोलाचे आहे.

या अभ्यासाची आणखी एक शिकण्यासारखी बाजू म्हणजे दोन वर्षांत फारच थोड्या स्त्रिया संपर्कातून सुटल्या. हे सोपे नसते. पीडित घर बदलतात, फोन बदलतात, काहींना ती आठवणच नको असते. जे सापडत नाहीत तेच जर सर्वांत जास्त त्रासात असतील, तर उरलेल्यांची सरासरी खोटे सुखाचे चित्र दाखवते.

आणि जिथे चिठ्ठ्या टाकणे शक्य नसते तिथे? रिबेका कॅम्पबेल यांनी दोन रुग्णालयांची तुलना केली. एका रुग्णालयात बलात्कारपीडितेसोबत प्रशिक्षित साहाय्यक असे. दुसऱ्यात, जे इतर बाबतींत सारखेच होते, तशी सोय नव्हती. एकूण ८१ स्त्रियांच्या अनुभवांवरून २००६ मध्ये त्यांनी दाखवले, की साहाय्यक सोबत असताना पोलिस तक्रार नोंदवून घेण्याचे प्रमाण अधिक होते, आवश्यक वैद्यकीय सेवा अधिक मिळाल्या आणि कर्मचाऱ्यांकडून दुखावणारी वागणूक कमी झाली. चिठ्ठीइतका हा पुरावा भक्कम नाही, कारण दोन रुग्णालयांत आणखीही फरक असू शकतात. पण तुलनाच नसण्यापेक्षा तो कितीतरी बरा.

चिठ्ठी टाकणे न्याय्य आहे का?

एखाद्या दुखावलेल्या माणसाची मदत चिठ्ठीवर ठरवायची, हे ऐकूनच अनेकांना अस्वस्थ वाटेल. ही अस्वस्थता योग्यच आहे आणि तिचे उत्तर द्यायला हवे. पहिली गोष्ट म्हणजे, ज्या सेवेचा उपयोग सिद्ध झालेला आहे ती रोखून चाचणी करता येत नाही. जखमेवर टाके, पोलिस संरक्षण, रुग्णालयातील उपचार यांसाठी चिठ्ठी टाकत नाहीत. प्रश्न असतो तो उपयोग माहीत नसलेल्या सेवेचा. दुसरे, समुपदेशक दोन आणि गरजू वीस, अशी स्थिती नेहमीचीच. तेव्हा कुणाला तरी थांबावेच लागते. ओळखीच्या माणसाला आधी घेण्यापेक्षा चिठ्ठी अधिक न्याय्य ठरते. तिसरे, तुलनागटाला काहीच द्यायचे नाही असे नसते. नेहमीची मदत सर्वांना देऊन फक्त नवी भर चिठ्ठीने ठरवता येते.

शिवाय, न तपासता मदत देणे हाही प्रयोगच असतो. फरक एवढाच, की त्याची नोंद कुणी ठेवत नाही. डीब्रीफिंग वर्षानुवर्षे दिले गेले, ते सर्व सद्हेतूने. त्या काळात कुणाचा त्रास लांबला असेल, तर तो कुणाच्याच वहीत लिहिलेला नाही.

मात्र संशोधकाला काही पथ्ये पाळावीच लागतात. छळ सोसणाऱ्या स्त्रीच्या घरी फोन केला आणि तो नवऱ्याने उचलला, तर एका प्रश्नावलीपायी तिला मार बसू शकतो. म्हणून कधी, कुठे, कोणत्या नावाने संपर्क करायचा हे आधी तिलाच विचारतात. उत्तर न देण्याचा आणि मधेच बाहेर पडण्याचा हक्क तिला असतो, आणि तसे केल्याने सेवा बंद होणार नाही हे तिला स्पष्ट सांगितलेले असते.

आपल्याकडे

महाराष्ट्रात पीडितांच्या साहाय्याची काही कामे देशात इतरत्र सुरू होण्यापूर्वीची आहेत. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबईच्या पोलिस आयुक्तालयात स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. मुंबई महानगरपालिका आणि 'सेहत' ही संशोधन संस्था यांनी मिळून २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र उभे केले. पोलिसांकडे न जाणारी स्त्रीही जखम घेऊन रुग्णालयात येतेच. तेव्हा तिथल्या डॉक्टर-परिचारिकांनी कारण ओळखावे आणि तिला आधार मिळावा, हा त्यामागचा विचार होता. पुढे मुंबईतील इतर पालिका रुग्णालयांतही अशी केंद्रे निघाली.

अशा केंद्राचे मूल्यमापन कसे कराल, हा प्रश्न वरिष्ठ वर्गातील विद्यार्थ्यांना चर्चेसाठी जरूर द्यावा. केंद्रात आलेल्यांची संख्या वाढली, तर हिंसा वाढली की ओळखण्याचे कौशल्य वाढले? आलेल्यांनाच विचारले, तर न आलेल्यांचे काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ मध्ये, शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी फक्त १४ टक्के स्त्रियांनी कुणाकडे तरी मदत मागितली होती. ७७ टक्के स्त्रियांनी मदतही मागितली नव्हती आणि कुणाला सांगितलेही नव्हते. केंद्रांतील नोंदवह्या कितीही काळजीने ठेवल्या, तरी या ७७ टक्के स्त्रिया त्यांत कुठेच नसतील. त्यांच्यापर्यंत पोचायला घरोघरची पाहणीच लागते.

शाळेसाठी

शिक्षकांसाठी या संशोधनातून थेट उपयोगाचे काही निघते. एखाद्या विद्यार्थ्यावर किंवा त्याच्या घरी असा प्रसंग ओढवला, तर त्याला वर्गापुढे वा शिक्षक-खोलीत बसवून 'सगळे सांग, मोकळा हो' असा आग्रह धरू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये दिलेल्या मानसिक प्रथमोपचाराच्या मार्गदर्शनाचा गाभा तीन शब्दांत मावतो: पाहा, ऐका, जोडून द्या. मूल सुरक्षित आहे का ते पाहावे. ते बोलेल तेवढेच शांतपणे ऐकावे, खोदून विचारू नये. मग पालक, डॉक्टर, समुपदेशक, पोलिस यांपैकी योग्य व्यक्तीशी जोडून द्यावे. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे; त्यात शाळेला निवड नाही. मुलाची ओळख उघड करण्यासही कायद्याने बंदी आहे. मुलांसाठीची १०९८ ही मदतवाहिनी शाळेच्या फलकावर लिहिलेली असावी.

महिन्या-दीड महिन्यानंतरही मूल दचकत असेल, झोपत नसेल, शाळा टाळत असेल, तर ते 'काळाने बरे होईल' म्हणून सोडून देऊ नये. वर दिलेले आकडे हेच सांगतात, की काळ अनेकांना सावरतो, सर्वांना नाही. आणि ज्यांना तो सावरत नाही त्यांच्यासाठी तपासून पाहिलेले उपचार आज उपलब्ध आहेत. अशा मुलाला त्या उपचारापर्यंत पोचवणे, आणि दोन महिन्यांनी, सहा महिन्यांनी 'आता कसा आहेस?' असे विचारून उत्तराची आठवण ठेवणे, एवढा मागोवा तर प्रत्येक वर्गशिक्षकाला घेता येईल.